ऑनलाईन कोर्सचा पीअर रिव्ह्यू म्हणजे काय? त्याची तयारी कशी करतात? समजून घ्या सोप्या भाषेत



‘नॅकची टीम येणार आहे’ असं कळलं की कॉलेजात काय धावपळ उडते, ते तुम्ही पाहिलंच असेल. भिंतींना रंग लागतो, फायली लागतात, लायब्ररीतली धूळ झटकली जाते. नॅक अख्ख्या कॉलेजचं मूल्यांकन करते. पण आता शिकण्याचा एक भाग मोबाईलवर आलाय. मग तुम्ही मोबाईलवर जो कोर्स करता, तो नीट बनलाय की नाही हे कोण बघतं?

हे बघण्याची एक पद्धत म्हणजे पीअर रिव्ह्यू. एका शिक्षकाने बनवलेला कोर्स, तेच काम करणाऱ्या दुसऱ्या शिक्षकांनी, आधीच ठरलेल्या निकषांवर तपासायचा आणि काय सुधारायचं ते लिहून द्यायचं. तपासणारा साहेब नसतो, बरोबरीचा असतो. म्हणून ‘पीअर’.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मूळचा वाशिम जिल्ह्यातला, कारंज्याचा. शिक्षकांचे कोर्स प्लॅटफॉर्मवर चढवणं आणि रिव्ह्यूआधी ते तपासून देणं हा माझ्या कामाचा भाग आहे. या लेखात ही तयारी कशी होते ते सांगतो. शिक्षकांना तर उपयोग होईलच, पण तुम्ही विद्यार्थी असाल तरी वाचा. कारण शेवटी हे सगळं तुमच्यासाठीच असतं.

## हे तुम्हाला का माहीत असावं?

पूर्वी ऑनलाईन कोर्स म्हणजे फावल्या वेळात करायची गोष्ट होती. आता तसं राहिलं नाही. केंद्र सरकारचा ‘स्वयम्’ हा प्लॅटफॉर्म २०१७ मध्ये सुरू झाला. २०१६ च्या युजीसी नियमांप्रमाणे एका सत्रातले २० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम्‌वरून करता येत होते. २०२१ च्या नियमांनी ही मर्यादा ४० टक्के केली. म्हणजे कॉलेजने परवानगी दिली, तर पाचपैकी दोन विषय तुम्ही ऑनलाईन करू शकता आणि त्याचे क्रेडिट तुमच्या पदवीत धरले जातात.

आता हे आपल्या जिल्ह्यात आणून बघा. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा असे सहा तालुके. २०१८ मध्ये देशातले जे आकांक्षित जिल्हे ठरले, त्यात महाराष्ट्रातले चार होते आणि वाशिम त्यातला एक. मोठ्या शहरातल्या मुलाला ऑनलाईन कोर्स कळला नाही, तर तो शेजारच्या क्लासला जाईल. मानोऱ्याजवळच्या गावातल्या मुलीने तोच कोर्स घेतला असेल, तर तिच्यासाठी तो कोर्स हाच वर्ग आणि तोच शिक्षक. व्हिडिओ उघडला नाही, असाइनमेंट कुठे टाकायची ते सापडलं नाही, तर अडलेलं विचारायला जवळ कुणी नाही. विषय राहिला की सत्र गेलं.

त्यामुळे सगळी तयारी एकाच प्रश्नावर येऊन थांबते: शिक्षकाला एकदाही फोन न करता, हातात फक्त मोबाईल असलेला अनोळखी विद्यार्थी हा कोर्स पहिल्या स्क्रीनपासून परीक्षेपर्यंत पूर्ण करू शकतो का?

## रिव्ह्यू करणारे काय बघतात?

जगात यासाठी बरीच वापरली जाणारी एक पद्धत आहे, ‘क्वालिटी मॅटर्स’. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात कॉलेजांच्या एका गटाने २००३ मध्ये मिळालेल्या अनुदानातून ती उभी केली. तिची रचना समजली की पीअर रिव्ह्यूचा अंदाज येतो.

एका कोर्सला तीन परीक्षक असतात. ते स्वतः ऑनलाईन शिकवणारे शिक्षक असतात. त्यांच्यापैकी कुणीतरी विषयाचा जाणकार असतो आणि कुणीतरी बाहेरच्या संस्थेचा. तिघांनाही एक गोष्ट बजावलेली असते: शिक्षकाच्या नाही, विद्यार्थ्याच्या खुर्चीत बसून बघा. निकष आठ गटांत विभागलेले आहेत:

- कोर्सची ओळख आणि सुरुवात
- शिकण्याची उद्दिष्टं
- मूल्यमापन
- अभ्याससाहित्य
- कृती आणि विद्यार्थ्यांशी संवाद
- वापरलेलं तंत्रज्ञान
- विद्यार्थ्यांना मिळणारी मदत
- सर्वांना वापरता येईल अशी रचना

प्रत्येक निकषाला १, २ किंवा ३ गुण. ३ गुणांचे निकष अत्यावश्यक, म्हणजे त्यातला एकही सुटला तर बाकी कितीही गुण असले तरी कोर्स पास होत नाही. शिवाय एकूण ८५ टक्के गुण लागतात.

आपल्याकडे स्वयम्‌च्या कोर्ससाठी ‘चार चतुर्थांश’ असा साचा आहे: व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःला तपासायच्या चाचण्या, आणि शंका विचारायचा चर्चामंच. तुम्ही स्वयम्‌वर कोर्स केला असेल तर हे चारही भाग पाहिले असतील. पण चार भाग असणं वेगळं आणि ते एकमेकांना धरून असणं वेगळं. तयारीची सगळ्यात मोठी मेहनत तिथेच असते.

## पायरी १: आधी जुळणी, मग व्हिडिओ

बहुतेक शिक्षक व्हिडिओपासून सुरुवात करतात. उलट करायला हवं. आधी ठरवा, कोर्स संपल्यावर विद्यार्थ्याला नेमकं काय करता यायला हवं. इंजिनिअरिंगवाल्यांना ‘कोर्स आउटकम’ हा शब्द पाठ असतो. तेच ते.

आपल्या भागातलं उदाहरण घेऊ. समजा बीएस्सीच्या मुलांसाठी ‘माती परीक्षण’ असा छोटा ऑनलाईन कोर्स बनवायचा आहे.

कच्चं आउटकम: ‘विद्यार्थ्याला माती परीक्षणाची माहिती होईल.’

हे तपासायचं कसं? ‘माहिती झाली’ हे मोजता येत नाही. आता पक्कं आउटकम बघा:

- विद्यार्थी शेतातून मातीचा नमुना योग्य पद्धतीने घेऊन दाखवेल.
- विद्यार्थी मृदा आरोग्य पत्रिका वाचून त्यातल्या सामूचा आणि सेंद्रिय कर्बाचा अर्थ शेतकऱ्याला समजेल असा सांगेल.

‘घेऊन दाखवेल’, ‘अर्थ सांगेल’ ही क्रियापदं डोळ्यांना दिसणारी आहेत. आता प्रत्येक आउटकमसमोर दोन रकाने लिहा: हे शिकवलं कुठे, आणि तपासलं कुठे?

पहिल्या आउटकमसाठी शिकवण्याचा भाग म्हणजे नमुना घेण्याचा व्हिडिओ. शेतात नागमोडी चालत ठिकठिकाणी व्ही आकाराचा खड्डा करायचा, झाडाखालची किंवा उकिरड्याजवळची माती टाळायची, सगळे नमुने मिसळून ढीग करायचा. मग त्याचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि साधारण अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. आणि तपासण्याचा भाग? इथेच बहुतेक कोर्स घसरतात. ‘मृदा आरोग्य पत्रिका योजना कोणत्या वर्षी सुरू झाली?’ असा बहुपर्यायी प्रश्न टाकतात. उत्तर २०१५, बरोबर आहे. पण त्यावरून नमुना घेता येतो की नाही हे कळलं का? नाही. त्याऐवजी विद्यार्थ्याला सांगा, आपल्या किंवा शेजारच्या शेतातला नमुना घे, प्रत्येक टप्प्याचा मोबाईलने एक फोटो काढ आणि चार ओळी लिहून अपलोड कर.

उद्दिष्ट, शिकवणं आणि तपासणं हे तिन्ही एका रेषेत असणं म्हणजे जुळणी. परीक्षक याच गोष्टीवर सगळ्यात जास्त वेळ घालवतात. म्हणून रिव्ह्यूआधी एका पानाचा जुळणी तक्ता बनवा: डावीकडे आउटकम, मध्ये धडा, उजवीकडे चाचणी. ज्या आउटकमसमोर रकाना रिकामा आहे तिथे कोर्स अर्धवट आहे. ज्या व्हिडिओसमोर आउटकमच नाही, तो बहुधा काढून टाकता येतो.

## पायरी २: पहिला स्क्रीन

विद्यार्थी कोर्स उघडतो तेव्हा त्याला पहिल्या दोन मिनिटांत कळायला हवं की सुरुवात कुठून करायची, कोर्स किती आठवड्यांचा आहे, आठवड्याला किती तास द्यावे लागतील, गुण कसे मिळणार, आणि अडलं तर कुणाला व कसं विचारायचं.

‘शंका असल्यास संपर्क साधा’ एवढं लिहून चालत नाही. ‘चर्चामंचावर विचारा, दोन दिवसांत उत्तर मिळेल’ असं लिहा. आणि लिहिलंय तर तसं वागा.

मी जिल्ह्यातल्या एका कॉलेजचा कोर्स असाच विद्यार्थी होऊन तपासला होता. मजकूर चांगला होता, शिकवणाऱ्या मॅडम तर फारच छान. पण पहिल्या स्क्रीनवर एकामागून एक २३ फायली, आणि त्यातल्या निम्म्यांची नावं ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘अंतिम’, ‘खरंच अंतिम’ अशी. मॅडमना त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं, कारण कोणत्या फाईलमध्ये काय आहे ते त्यांच्या डोक्यात होतं. विद्यार्थ्याच्या डोक्यात ते नसतं ना! आठवड्याप्रमाणे गट केले, फायलींना नावं दिली, वर एक ‘इथून सुरुवात करा’ पान टाकलं. एका दुपारचं काम. मॅडम म्हणाल्या, “अरे, हा तर वेगळाच कोर्स वाटतो!” आत एक शब्दही बदलला नव्हता.

## पायरी ३: मोबाईल आणि डेटाचं गणित

इथे माझ्यासारख्यांचं खरं काम सुरू होतं. एक साधा हिशोब करू.

समजा ४० मिनिटांचं लेक्चर ७२० पिक्सेलला रेकॉर्ड केलंय आणि ते सेकंदाला दीड मेगाबिट वेगाने चालतं. ४० मिनिटं म्हणजे २४०० सेकंद. गुणाकार केला की ३६०० मेगाबिट. आठ बिटचा एक बाईट, म्हणजे झाले ४५० एमबी. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर अशी तीन लेक्चर पाहिली की डेटा संपला.

आता तेच लेक्चर आठ-आठ मिनिटांच्या पाच भागांत तोडा आणि कमी रिझोल्यूशनला, सेकंदाला अर्धा मेगाबिट धरा. एक भाग ३० एमबी, पाचही मिळून १५० एमबी. नुसता आवाज ६४ किलोबिटने दिला तर पूर्ण ४० मिनिटं १९ एमबीच्या आसपास.

तुकडे करण्याचं कारण फक्त डेटा नाही. २०१४ मध्ये फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी ‘एडएक्स’वरच्या ६९ लाख व्हिडिओ सत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघणारा साधारण सहा मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही. तुम्ही स्वतः आठवून बघा ना, शेवटचं सलग लेक्चर कधी पूर्ण पाहिलं?

मोबाईलसाठी आणखी तीन गोष्टी:

डाऊनलोडची सोय. मूडलसारख्या प्लॅटफॉर्मच्या ॲपमध्ये धडे आधी उतरवून ठेवता येतात आणि नेटवर्क नसताना बघता येतात. शिक्षकाने ती सोय चालू ठेवली आहे का ते बघा.

फॉन्ट. ही खास आपली मराठी डोकेदुखी. कृती देव किंवा श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली फाईल शिक्षकाच्या संगणकावर छान दिसते, पण विद्यार्थ्याच्या मोबाईलवर अक्षरांची खिचडी होते. पीडीएफ केली तर दिसते बरोबर, पण त्यातला शब्द शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही. सगळं मराठी साहित्य युनिकोडमध्ये आणा.

लिंक आणि परवानगी. ‘ॲक्सेस मागा’ हा संदेश तुम्ही किती वेळा पाहिलाय? शिक्षकाच्या स्वतःच्या खात्यातून ड्राईव्हची फाईल नेहमीच उघडते, त्यामुळे त्यांना अडचण कळतच नाही. उपाय सोपा आहे. दुसऱ्या खात्यातून, दुसऱ्या फोनवर, कॉलेजच्या वायफायशिवाय प्रत्येक लिंक एकदा दाबून बघा.

## पायरी ४: ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याचं काय?

हा भाग शेवटी आठवतो आणि म्हणूनच राहून जातो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता मान्य केली आहे. तुमच्या कोर्सला असा एक जरी विद्यार्थी आला, तरी त्याला तो पूर्ण करता यायला हवा.

- व्हिडिओला सबटायटल हवेत. आपोआप बनलेले तसेच ठेवू नका, माणसाने वाचून दुरुस्त करा. तांत्रिक शब्दांचा त्यात हमखास घोळ होतो.
- वहीच्या पानांचे फोटो काढून बनवलेली पीडीएफ स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. त्याच्यासाठी ते नुसतं चित्र असतं. मजकूर टाईप करा.
- चित्राला वर्णन द्या. ‘चित्र १’ नको, ‘व्ही आकाराच्या खड्ड्यातून माती घेताना’ असं.
- अक्षरं आणि मागचा रंग यात पुरेसा फरक ठेवा. वेबसाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या मजकुरासाठी हे प्रमाण किमान ४.५ ला १ आहे. पांढऱ्यावर भडक पिवळं लिहिलं तर ते १.०७ ला १ भरतं. म्हणजे जवळजवळ न लिहिल्यासारखंच.
- ‘लाल रंगातले प्रश्न सोडवा’ असं सांगू नका. रंग ओळखायला अडचण असणाऱ्याला ते कळणार नाही.

तपासायची सोपी युक्ती: अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधून टॉकबॅक सुरू करा, डोळे मिटा आणि फक्त ऐकून कोर्सची पहिली चाचणी सोडवून बघा. पाच मिनिटांत कळेल काय काय अडतं. टॉकबॅक बंद कसं करायचं ते मात्र आधी बघून ठेवा!

गंमत म्हणजे हे सगळं इतरांनाही उपयोगी पडतं. एसटीत इअरफोन नसताना सबटायटलच कामी येतात, आणि भर उन्हात स्क्रीन वाचायला ठळक अक्षरंच लागतात.

## पायरी ५: परीक्षकांच्या हाती देण्याआधी

कोर्सची वेगळी प्रत काढा. चालू कोर्समध्ये विद्यार्थ्यांची नावं, गुण, चर्चामंचावरच्या शंका असतात. ती बाहेरच्या परीक्षकांना दाखवायची नाहीत. मूडलमध्ये वापरकर्त्यांची माहिती वगळून बॅकअप घेता येतो. त्यातूनच रिव्ह्यूची प्रत बनवा.

परीक्षकांना विद्यार्थ्याचं खातं द्या. शिक्षकाच्या खात्यातून लपवलेल्या गोष्टीही दिसतात, त्यामुळे खरं चित्र कळत नाही.

एक पानाची टिपणी जोडा. कोर्स कुणासाठी आहे, किती क्रेडिटचा, कोणत्या सत्रात, आणि प्रत्यक्ष वर्गात काही भाग होतो का. सोबत जुळणी तक्ता.

साहित्य कुणाचं ते लिहा. इंटरनेटवरून उचललेली चित्रं आणि पुस्तकातली स्कॅन केलेली प्रकरणं हा मोठा धोका आहे. मुक्त परवान्याचं साहित्य वापरा आणि श्रेय द्या.

रिव्ह्यू चालू असताना बदल करू नका. एकाने जे पाहिलं तेच तिघांनी पाहायला हवं.

## रिपोर्ट आल्यावर

परीक्षक नुसते गुण देत नाहीत. प्रत्येक सुटलेल्या निकषामागे कारण आणि सूचना लिहितात. ‘चाचणी कमकुवत आहे’ असं नाही, तर ‘तिसऱ्या आठवड्यातली चाचणी दुसरं आउटकम तपासत नाही, तिथे पत्रिका वाचण्याचा प्रश्न घालता येईल’ असं. रिपोर्ट वाचून काही शिक्षकांना वाईट वाटतं, ते स्वाभाविक आहे. पण इथे शिक्षकाचं मूल्यमापन होत नाही, कोर्सचं होतं. आधी अत्यावश्यक निकष दुरुस्त करा, मग बाकीचे.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. क्वालिटी मॅटर्ससारखा रिव्ह्यू कोर्सची रचना तपासतो. सर रोज शंकांना उत्तर देतात की नाही, हे त्यातून कळत नाही. विषयाचा मजकूर अचूक आणि ताजा आहे का, यासाठी विषयतज्ज्ञांची वेगळी नजर लागतेच. म्हणून सर्टिफिकेट असलेला कोर्सही डोळे मिटून घेऊ नका.

## विद्यार्थ्यांसाठी: नाव नोंदवण्याआधी ५ मिनिटांची टेस्ट

१. कोर्स संपल्यावर मला काय करता येईल, हे स्पष्ट लिहिलंय का?
२. गुण कसे मिळणार आणि परीक्षा कुठे, कशी होणार ते दिलंय का?
३. पहिला व्हिडिओ माझ्या फोनवर, माझ्या गावच्या नेटवर्कवर चालतो का?
४. पहिली पीडीएफ उघडते का, आणि झूम न करता वाचता येते का?
५. शंका कुठे विचारायची ते सापडतं का? मागच्या शंकांना उत्तरं मिळालीत का?
६. क्रेडिट धरायचे असतील तर माझं कॉलेज हा कोर्स मान्य करतं का? हे फोनवर नाही, लेखी विचारा.

तीनपेक्षा जास्त ‘नाही’ आले तर दुसरा कोर्स शोधा.

आणि तुमच्या कॉलेजात एखादे सर किंवा मॅडम ऑनलाईन कोर्स बनवत असतील, तर त्यांना जाऊन म्हणा, “सर, मी टेस्टिंग करून देऊ का?” तुमचा साधा फोन आणि तुमच्या गावचं एका दांडीचं नेटवर्क, यापेक्षा चांगली चाचणी कोणत्याच लॅबमध्ये होत नाही. कुठे अडलं त्याचे स्क्रीनशॉट काढा, खाली एक ओळ लिहा आणि पाठवून द्या. परीक्षक तीनच असतात, पण कोर्स रोज वापरणारे तुम्ही असता.

लेख उपयोगी वाटला तर तुमच्या क्लासच्या ग्रुपवर टाका, आणि त्या ग्रुपमध्ये सर असतील तर उत्तमच!